अक्का, मास्तर असं म्हणाले नव्हते

अक्का, मराठी मंडळाचे लोक येऊन गेले. वार्षिक अंकात तुझ्यावर दोन पानं छापायची आहेत आणि सख्खी बहीण म्हणून ती मी लिहून द्यायची आहेत. ‘त्यांचा शांत स्वभाव, त्यांची संगीतसेवा, असं सगळं येऊ द्या,’ असं सेक्रेटरी म्हणाले. मी हो म्हटलं, चहा दिला, आणि ते गेल्यावर कागद पुढे ओढला. शांत स्वभाव! गाणं टाकून तू वर्षानुवर्षं तोंड मिटून बसलीस, त्याला हे लोक शांत म्हणतात.

ती दोन पानं मी लिहीन कधीतरी. आज तुलाच लिहितेय. ऋताच्या हाती लागलं तरी काळजी नाही. माझ्या पोरीला दुकानाची मराठी पाटी वाचायला पाच मिनिटं लागतात. एवढं सगळं ती कशाला वाचतेय!

तुला जाऊन सतरा दिवस झाले.

तू माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. मला आठवतं तेव्हापासून तुझ्या बोटांवर पांढरे डाग होतेच. मग ते मनगटावर आले, मग ओठांभोवती, मग डोळ्यांभोवती. कोड. आपले नाना कोर्टात पेशकार, हाताखाली माणसं, गावात मान. पण त्यांनी तुला किती हकिमांकडे नेलं आणि किती वैद्यांकडे, याची गणती नाही. पुढे त्यांनी नाद सोडला. त्यानंतर नल्लकुंट्याच्या घरात कुणी न सांगता एक नियम झाला: पाहुणे आले की शकू आत.

माझ्या पाहण्याच्या वेळी तर तुला घरातच ठेवलं नाही. तारनाक्याला मामांच्या रेल्वे क्वार्टरमध्ये चार दिवस पाठवलं. तुझी पिशवी तूच भरलीस. जाण्याआधी माझ्या साडीला इस्त्री केलीस. फाटकापाशी थांबून मला विचारलंस, “सुशे, मोठी बहीण काय करते असं विचारलं तर काय सांगशील?”

मी म्हटलं, “शाळेत शिकवते.”

“आणि दिसत का नाही?”

मग तूच म्हणालीस, “परगावी शिबिराला गेलीय, असं सांग. पाठ कर.” आणि तू माझ्याकडून ते तीनदा म्हणवून घेतलंस, कवितेसारखं. तुझ्याबद्दलचं पहिलं खोटं तूच मला शिकवलंस, अक्का. पुढचं मी माझं माझं शिकले.

माधवशी लग्न झालं, मी विद्यानगरला गेले. दहा मिनिटांवर. नाना वारले. आईचं उजवं अंग गेलं, वाचा गेली. शाळेतली तुझी नोकरी सकाळी आठपासून चारपर्यंत, तेवढ्या वेळापुरती कामाची यादम्मा आईजवळ बसायची, आणि चारनंतर सगळं तू. आईला उचलणं, पुसणं, भरवणं. संध्याकाळी दिवा लावला की तू आईच्या कॉटजवळ बसून गायचीस. आई डावा हात चादरीवर हलवायची. समोरच्या पोर्शनमध्ये राहणारे व्यंकटराव सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवायचे. ते आपल्या दारात पायरीवर बसून ऐकायचे आणि तू थांबलीस की चपला घालून निघून जायचे. तुझं तोंड बघून कधी काही बोलले नाहीत.

तेच एक दिवस आले. लंकेहून एक युनिट आलंय, म्हणाले. सिंहली सिनेमा, गाण्यांचाच सगळा, प्रेमाचा. हे लोक पूर्वी मद्रासला जायचे, पण आता तमिळ-सिंहली तंट्यामुळे तिथं त्यांना अवघड जातंय म्हणून हैदराबादला आलेत. चार दिवस स्टुडिओ घेतलाय आणि त्यांची गायिका कावीळ होऊन पडलीय. “अम्मा, एकबार आके देखो. आवाज सुनाओ, बस.”

तू म्हणालीस, “नक्को व्यंकटराव. मी कुठं!”

तुला मीच तयार केलं. हे मी स्वतःच्या बाजूनं सांगत नाही, घडलं तसं सांगतेय. चार दिवस होते, शाळेला सुट्टी होती, आणि आईजवळ यादम्मा पूर्ण वेळ थांबायला तयार होती. शिवाय त्या लोकांशी इंग्रजीत बोलायला कुणीतरी हवं होतं, म्हणून मलाही यायला मिळत होतं. मला मजा वाटली. एवढंच.

स्टुडिओत मास्तर भेटले. पांढरी पँट, पांढरा शर्ट, पन्नाशीचे, हळू आवाजाचे. त्यांचं नाव लांबलचक होतं. सगळे मास्तरच म्हणायचे. तुला पहिल्यांदा भेटणारी माणसं कशी वागतात ते आपल्याला पाठ होतं. आधी तुझ्या चेहऱ्याकडे बघायची, मग भिंतीकडे. मास्तरांनी तुझ्याकडे सरळ बघितलं आणि विचारलं, “कुठल्या पट्टीत गाता?”

मी भाषांतर केलं. त्याची गरज नव्हती. पट्टी त्यांनी हार्मोनियमवर बोट ठेवून विचारली होती.

तू शाळेच्या वहीत गाण्यांचे सिंहली शब्द देवनागरीत उतरवून घेतलेस. एका आवाजापाशी मास्तर पुन्हा पुन्हा थांबायचे. अनुस्वार पुरता म्हणायचा नाही, अर्धाच नाकातून सोडायचा. तू दोनदा चुकलीस, तिसऱ्यांदा असा सोडलास की काचेपलीकडचा रेकॉर्डिस्ट हसला. प्रत्येक ओळीचा अर्थ तू विचारायचीस. मास्तर इंग्रजीत सांगायचे, मी तुला मराठीत सांगायचे. तळं, नाव, वाट बघणारी मुलगी, असलंच काहीतरी. माझं भाषांतर सुमार होतं. एकदा मास्तर दोन मिनिटं बोलले आणि मी तुला म्हटलं, “ती त्याची आठवण काढतेय.” तू माझ्याकडे बघितलंस. “एवढंच म्हणाले?” तुझा हेडफोन एका कानावरून सरकला होता आणि तू हसत होतीस. तसं हसताना मी तुला त्याआधी किंवा त्यानंतर बघितलं नाही.

चार दिवसांत पाच गाणी झाली.

काही महिन्यांनी मास्तरांनी व्हिडिओ कॅसेट पाठवली. आपण व्हीसीआर भाड्यानं आणला, आईची कॉट दारापर्यंत ओढली, व्यंकटराव खुर्ची घेऊन आले. सगळी गोष्ट न समजता समजली. शहरातला कॅसेट विकणारा पोरगा, तळ्याकाठच्या गावातली मास्तराची पोरगी, मधे तिचा बाप. तुझा आवाज त्या नटीच्या तोंडून आला तेव्हा आईनं डावा हात उचलून टीव्हीकडे केला, मग तुझ्याकडे. तिला कळलं होतं. आम्ही सगळे तुझ्याकडे बघत होतो आणि तू नटीकडे. गाणं संपल्यावर तू म्हणालीस, “तिचा रंग कसा एकसारखा आहे, नाही?”

मी कॅसेट मागे नेली आणि नावांपाशी थांबवली. गोल गोल अक्षरं पडद्यावर थरथरत होती. त्यात तुझं नाव आहे असं मास्तरांनी लिहिलं होतं. आपण सगळ्यांनी शोधलं. कुठलं तुझं, ते कुणालाच सांगता येईना.

आता पुढचं.

त्याच सुमारास मला कुकटपल्लीला नोकरी लागली. औषधं बनवणारी नवी कंपनी होती. अशा कंपन्या तेव्हा रोज निघत होत्या आणि माधवच्या सरकारी कारखान्यात मात्र लोकांना घरी बसवायची भाषा चालू झाली होती. दोन बस बदलून जायचे. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढून जावं लागायचं, देवळासारखं. गार हवा, स्वतःचं टेबल, स्वतःचा ड्रॉवर, त्याची किल्ली माझ्या पर्समध्ये. मला टायपिंग कुणी शिकवलं? तूच. मी सतरा वर्षांची असताना बरकतपुऱ्याच्या इन्स्टिट्यूटमध्ये तूच नाव घातलंस. गल्ली सुनसान म्हणून रोज तासभर बाहेरच्या बाकावर वह्या तपासत बसायचीस. येणारी-जाणारी पोरं तुझ्या तोंडाकडे बघून काय काय बोलायची ते मला आत खटखटीतही ऐकू यायचं. तू एक दिवस चुकवला नाहीस.

त्या बाकावर बसून तू मला जे दिलंस, ते राखायला मी तुझं काय केलं ते ऐक. तुला ठाऊक आहे, पण माझ्या तोंडून सलग कधी ऐकलं नाहीस.

मास्तर परत हैदराबादला आले आणि नल्लकुंट्याच्या घरी आले. त्या दिवशी मला सुट्टी होती, म्हणून यादम्माला घरी पाठवून मी आईजवळ बसले होते. तू शाळेत होतीस. मास्तर खुर्चीच्या कडेवर बसले, चहा घेतला. म्हणाले, सिनेमा तिकडे थिएटरातून उतरायलाच तयार नाही. गाणी रस्त्यारस्त्यावर लागतात. कोलंबोला मोठा समारंभ आहे, त्यात तू गायला हवंस. आणि नंतर सहा महिने राहायला हवंस, दोन नवे सिनेमे आहेत. राहण्याची सोय त्यांच्या बहिणीच्या घरी.

मी म्हटलं, “स्टेजवर?”

“अर्थात स्टेजवर. मध्यभागी.” मग माझा रोख त्यांच्या लक्षात आला असावा. ते म्हणाले, “मॅडम, लोक त्यांना ऐकायला येणार आहेत. बघतील, आणि दोन मिनिटांनी बघायचं विसरतील. मीही विसरलो.”

सहा महिने. आईला उचलायचं, पुसायचं, भरवायचं, सहा महिने. हिशोब सरळ होता. तू गेलीस तर नोकरी मला सोडावी लागणार. मी म्हटलं, “ती येणार नाही. तिला हे आवडत नाही.”

“मी संध्याकाळी येऊन स्वतः विचारू?”

“नको. आईची तब्येत बरी नाही. तिचा निरोप मी तुम्हाला हॉटेलवर कळवते.”

ते उठले. आईला वाकून नमस्कार केला आणि गेले.

तू साडेचारला आलीस. व्यंकटरावांनी त्यांना जाताना बघितलं होतं, म्हणून लपवणं शक्य नव्हतं. तू नळावर हात धूत होतीस. मी म्हटलं, “मास्तर येऊन गेले. कोलंबोला समारंभ आहे. स्टेजवर ती नटी उभी राहील, तू पडद्याआडून गायचंस, असं म्हणत होते.”

तुझे हात साबणात थांबले. “असं म्हणाले?”

“हो.” आणि मग मी जोडलं, “म्हणाले, लोकांना धक्का नको.”

तू नळ पुन्हा सोडलास. बराच वेळ हात धुतलेस. म्हणालीस, “सांग त्यांना, नाही म्हणावं.”

अक्का, या सगळ्या वर्षांत मी स्वतःला नोकरीचं कारण सांगत आले. ते खरं आहे. पण नोकरी वाचवायला पडद्याची गोष्ट पुरत होती. ‘लोकांना धक्का नको’ याची गरज नव्हती. ते मी का म्हटलं? स्टुडिओतल्या त्या चार दिवसांत पहिल्यांदाच लोक तुझ्याकडे बघत होते आणि मी भिंतीशी उभी होते. मला ती जागा माहीत नव्हती. तुला जन्मभर माहीत होती. मला चार दिवस सोसली नाही.

मी हॉटेलवर फोन करून तुझा नकार कळवला. तू हार्मोनियम शाळेला देऊन टाकलीस. गणपतीला मंडळाचे लोक आले तर ‘घसा बसलाय’ म्हणालीस, पुढच्या वर्षीही तेच. पण तेवढ्यावर तू थांबली नाहीस. दिवेलागणीला आई तुझ्याकडे बघून चादरीवर हात हलवायची, ‘म्हण’ अशी खूण करायची, आणि तू तिचं अंथरूण नीट करून उठून जायचीस. मी एकदा म्हटलं, “अगं, तिच्यासाठी तरी म्हण.” तू म्हणालीस, “माझा आवाज ऐकून तिला धक्का बसेल.” आई दीड वर्ष खूण करत राहिली. मग तिनं हात हलवणं सोडलं. मग गेली. त्या मुक्या बाईचा काय दोष होता? तुझा राग मास्तरांवर होता आणि तो मी तयार केलेल्या मास्तरांवर होता, पण आईला उपाशी तू ठेवलंस. हे भांडण मला तुझ्याशी भांडायचं होतं. कोणत्या तोंडानं भांडणार होते?

मग काही वर्षांनी नीलांती आली तो रविवार. तारनाक्याच्या विद्यापीठात शिकायला आलेली लंकेची मुलगी, दोन वेण्या, हातात काजूचा डबा. मास्तरांच्या ओळखीची. तू दिवाणावर बसलीस, ती खुर्चीवर, मी मधे. ती तुझ्या पाया पडली, तिच्या पद्धतीनं गुडघे टेकून. म्हणाली, तिच्या मोठ्या बहिणीच्या लग्नात तुझीच गाणी लावली होती. मी भाषांतर करत होते. मग ती इंग्रजीत म्हणाली, “मास्तर अजून विचारतात, त्यांचं काय चुकलं? ते तर तुम्हाला स्टेजच्या मध्यभागी उभं करणार होते. त्यांच्या बहिणीनं खोली सजवून ठेवली होती.”

तू माझ्याकडे वळलीस. “काय म्हणतेय?”

मी म्हटलं, “मास्तरांनी तुला नमस्कार सांगितलाय.”

खोलीत पंख्याचा आवाज होता. तू म्हणालीस, “सुशे, एवढं इंग्रजी मला येतं.”

नीलांती आपल्या दोघींकडे बघत राहिली. तू तिला पोहे खाऊ घातलेस, काजूच्या डब्यातले थोडे काजू परत बांधून दिलेस, फाटकापर्यंत सोडायला गेलीस. परत आलीस आणि मला एकच विचारलंस.

“लोकांना धक्का नको. हे कुणाचं?”

“माझं.”

“बरं.” मग म्हणालीस, “आई होती तोवर तरी सांगायचंस.”

मी रडायला लागले. तू म्हणालीस, “जेवून जा. भात झालाय.” आणि तू मला बसवून वाढलंस, अक्का. वरण, भात, तूप, लिंबाची फोड. मी जेवले. प्रत्येक घास तू बघत होतीस.

त्यानंतर नीलांती दर रविवारी यायला लागली. ती तुला सिंहली शिकवायची, अक्षरांपासून. पहिल्या दिवशी तिनं ती जुनी कॅसेट लावून नावांपाशी थांबवली आणि पडद्यावर बोट ठेवून तुझं नाव दाखवलं. तू वहीत ते पानभर लिहिलंस. हे मला तिनं सांगितलं, तू नाही. तू पुन्हा गायला लागली होतीस, पण मी फाटकाची कडी वाजवली की गाणं बंद. एकदा मी कडी न वाजवता उभी राहिले. पूर्ण गाणं ऐकलं. पूर्वी त्यात आवाज होता, आता अर्थ होता. आत आल्यावर मी म्हटलं, “त्या ओळीचा नेमका अर्थ काय गं?” तू वही मिटलीस. “तुला कशाला? अर्थ तू तुझा लावतेसच.”

मला ते लागलं. लागावं म्हणूनच तू म्हणालीस.

मग तुझे पाय सुजले. मूत्रपिंडं निकामी झाली आहेत हे कळेपर्यंत उशीर झाला होता. आठवड्यातून दोनदा डायलिसिसच्या मशीनवर. सहा महिने मी रजा काढल्या, मग साहेबांनी विचारलं, ‘तुम्हाला नोकरी करायची आहे की नाही?’ मी ड्रॉवरची किल्ली देऊन आले. संध्याकाळी तुला सांगितलं. मला वाटलं होतं, तू निदान माझा हात धरशील. तू म्हणालीस, “सोडलीस? कशाला? मी जात होते की एकटी ऑटोनं.”

डॉक्टर म्हणाले, सख्ख्या बहिणीचं मूत्रपिंड जुळलं तर उत्तम. तपासण्या झाल्या. जुळलं. मी दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये तुला सांगितलं, आनंदानं सांगितलं. तू म्हणालीस, “तुझं काही माझ्या अंगात नको.”

“अगं, जिवाचा प्रश्न आहे!”

“जिवाचाच आहे.”

डॉक्टरांनी समजावलं, माधवनं हात जोडले. डॉक्टरांना तू म्हणालीस, “नक्को बोले तो नक्को, डॉक्टरसाब.” मी रडत जिना उतरले. खाली इराण्याच्या हॉटेलात बसले, चहा मागवला, आणि उस्मानिया बिस्किटं खाल्ली. दोन खाल्ली, आणखी दोन मागवली. मला हायसं वाटत होतं, अक्का. माझं पोट कापायचं नव्हतं. तू मरणार होतीस आणि मला भूक लागली होती.

मी एकदाच माफी मागितली. तू मशीनवर होतीस, हातात सुया. मी म्हटलं, “मला माफ कर.”

“केलं म्हटलं तर तुला झोप लागेल.”

“आणि नाही म्हटलं तर?”

“तर जागी राहशील. मला सोबत होईल.”

तू डोळे मिटून हसलीस का, ते मला नीट दिसलं नाही.

त्या आठवड्यातच माझ्या पोरीची, ऋताची, परीक्षा होती आणि तिला गणित येत नव्हतं. तू सुजलेल्या बोटांनी तिला वहीत गणितं सोडवून दाखवलीस. ती तुझ्या मांडीवर डोकं ठेवून तेलुगू, हिंदी, मराठी सगळं एकत्र करून बोलायची आणि तू तिच्या केसांतून हात फिरवायचीस. तिला तू कधी काही सांगितलं नाहीस. हजार वेळा सांगू शकली असतीस. एका वाक्यात तिची आई तिच्यापासून तोडू शकली असतीस. याबद्दल तुझे आभार कसे मानायचे मला माहीत नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, आभार नकोत, भात टाक.

गुरुवारी सकाळी तू म्हणालीस, “पंखा कमी कर.” मी म्हटलं, “थांब, दूध उतू जातंय.” दूध उतरवलं, गॅस पुसला, आले. तोवर तू गेली होतीस. पंखा तेवढाच फिरत होता.

दिवसकार्य झालं. नीलांती पांढरी साडी नेसून आली, तुझी वही मागून घेऊन गेली. मी दिली. तिनंच मास्तरांना कळवलं असणार, कारण काल दुपारी त्यांचा फोन आला. आमचा फोन नवा. वर्षानुवर्षं नंबर लावून या वर्षी मिळालाय. लाइनमध्ये समुद्रासारखी खरखर होती. मास्तरांचा आवाज फार म्हातारा झालाय. ते इंग्रजीत हळूहळू बोलले. म्हणाले, असा आवाज पुन्हा मिळाला नाही.

मला वाटलं, आता. जगात एकच माणूस उरलंय ज्याला हे सांगायला हवं. मी म्हटलं, “मास्तर, तिनं मनानं नकार दिला नव्हता. मी तिला खोटं सांगितलं. तुम्ही तिला पडद्याआड गायला सांगितलंत असं मी तिला सांगितलं. माझी नोकरी जाऊ नये म्हणून.”

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

मग ते म्हणाले, “नाही मॅडम. असं मनाला लावून घेऊ नका. मला सगळं ठाऊक आहे. त्यांनी मला पत्र लिहिलं होतं. सिंहलीत लिहिलं होतं, लहान मुलाच्या अक्षरात, दोनच चुका होत्या. आईला सोडून येणं जमलं नाही, असं लिहिलं होतं. धाकटी बहीण नोकरी सोडून आईला सांभाळायला तयार होती, तिनं जाण्याचा फार आग्रह केला, पण मीच ऐकलं नाही, असं लिहिलं होतं.”

मी म्हटलं, “नाही. नाही मास्तर, तसं नव्हतं.”

“माणूस गेलं की मागे राहणारे स्वतःला असाच दोष देतात,” ते म्हणाले. “माझी बहीण गेली तेव्हा मीही दिला. तुम्ही चांगल्या बहीण होतात. त्यांनीच तसं लिहिलंय.”

तू हे का केलंस? घरातलं घरात राहावं म्हणून? की मी कुठंही जाऊन खरं सांगितलं तरी कुणी ऐकू नये म्हणून? मी कालपासून दोन्ही उलगडून बघतेय आणि दोन्ही तुलाच शोभतात.

मास्तर वाट बघत होते. मी आणखी एकदा सांगू शकले असते. ओरडून सांगू शकले असते. पण तोवर माझ्या मागे ऋता येऊन दारात उभी राहिली होती, आणि तिला इंग्रजी कळतं.

मी “थँक यू” म्हटलं आणि फोन ठेवला.